आईनं सांगितलेला सिनेमा

अकोटच्या एसटी स्टँडवर अकोल्याची गाडी लागली होती आणि हवेत कापूस उडत होता. जिनिंगचा हंगाम असला की आमच्या गावात असं होतं. झाडांवर, तारांवर, म्हशींच्या पाठीवर पांढरी मऊ लव बसते आणि उन्हात सगळं गाव थोडं पुसट, अर्धवट झोपेतून पाहिल्यासारखं दिसतं. बाबा जिनात फिटर होते. कामावरून तसेच आले होते, भुवयांवर कापूस घेऊन. आई आली होती, आणि शेजारची खैरूनचाची. मी बावीस वर्षांचा होतो आणि मुंबईला सिनेमाच्या कामाला निघालो होतो.

"पोचला का पत्र टाकजो," बाबा खिडकीखालून म्हणाले. दर दोन मिनिटांनी ते हेच म्हणत होते. आईनं डबा आत दिला आणि विचारलं, "काहून रे विन्या, तिकडे शिनेमा सांगाले कोनी राह्यते का, का सारे पायनारेच?"

"अवो इंदूबाई, तिकडं त बनवतेत," खैरूनचाची म्हणाली. "सांगनारे सारे अकोटातच हायेत."

तिघंही हसली. गाडी हलली. मी मान बाहेर काढून पाहिलं, तर त्या उडत्या कापसात तिघं लगेचच पुसली गेली होती.

हे मी आमच्या गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो आहे, जे तिथंच राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, मस्कतला गेलात त्यांच्यासाठीही. माझा तो एक सिनेमा तुम्ही पाहिला आहे. त्याला पुरस्कार मिळाले तेव्हा तुम्ही चौकात माझा फोटो लावलात. तो सिनेमा कुठून आला याबद्दल मी तुमच्याशी, वर्तमानपत्रांशी आणि माझ्या आईशी खोटं बोललो आहे.

आमच्या गल्लीत सिनेमा बघणं कमी आणि सांगणं जास्त, हे तुम्हाला आठवत असेल. दोन-तीन महिन्यांतून एकदा आई अकोल्याला मामाकडे जायची आणि मामा तिला टॉकीजमध्ये न्यायचा. ती परत आली की दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओट्यावर बायका आपापली सुपं घेऊन जमायच्या. कोणाची तूर, कोणाची ज्वारी. जी सिनेमा सांगेल तिचं सूप दुसरीनं पाखडायचं, असा नियमच होता. आईचं सूप कायम खैरूनचाचीच्या मांडीवर. एक सिनेमा तीन-तीन दुपारी चालायचा. आई कधी घाई करायची नाही. आधी ती बाई कुठं उभी आहे ते सांगायची, मग तिच्या हातात काय आहे ते, आणि मग ती काय बोलली ते. पुढे मुंबईत मोठमोठ्या लोकांनी मला पटकथा शिकवली, पण यापेक्षा वेगळं काही सांगितलं नाही.

"साडी कोनती होती वो तिची?" मधूनच कोणीतरी विचारायचं.

"तुमी मधात नोका बोलू," आई म्हणायची. "मंगाचपासून हीरो बसमधून उतरूनच नाई राहिला तुमच्यापायी."

मी बारा वर्षांचा असताना, एका उन्हाळ्यात, आईनं एक सिनेमा सांगितला. त्या आठवड्यात ती अकोल्याला गेलीच नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एका बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं आणि तिची दीड वर्षाची पोर ठेवून घेतली. बाईचं दुसरं लग्न झालं, दूरच्या गावी. पण वर्षातून दोनदा, संक्रांतीच्या आणि आखाजीच्या बाजाराला, ती त्या जुन्या गावात येते आणि बांगड्यांच्या दुकानात मनेराच्या जागेवर बसते. पोर मैत्रिणींबरोबर बांगड्या भरायला येते. बाई तिचा हात हातात घेते. डझनभर बांगड्या भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग पोर पळून जाते. शेवटी त्या पोरीचं लग्न ठरतं आणि नवरीला चुडा भरायला तीच बाई जाते. नवरी तिच्याकडे बघते, बघते आणि म्हणते, "आई."

ओट्यावरच्या सगळ्या बायका रडल्या. कोणीतरी नाक ओढत विचारलं, "नाव काय शिनेमाचं?"

"नाई आठोत," आई म्हणाली. "मी जाऊन बसली तवा नावं होऊन गेले होते."

खैरूनचाचीच्या मांडीवर आईचं सूप तसंच होतं. तिनं त्या दुपारी एकही दाणा पाखडला नव्हता.

आता मी जे कधी बोललो नाही ते.

त्याआधी दोन वर्षं, मी दहा वर्षांचा असताना, आई मला एकदा चांदूर बाजारला घेऊन गेली होती. अकोटहून अंजनगाव, तिथून परतवाडा, तिथून चांदूर. दोनदा गाडी बदलली, मला ओकारी झाली. बाजारात खैरूनचाचीच्या भावाचं, रहीममामूचं, बांगड्यांचं दुकान होतं. मामूनं मला पोत्यावर बसवून हातात शेवचिवड्याचा पुडा दिला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला. त्याच्या जागेवर आई बसली. पालातून गाळलेलं ऊन सगळ्या काचांवर पडलं होतं आणि आईचा चेहरा हिरवा-लाल-पिवळा दिसत होता. शाळेच्या निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या तीन मुली आल्या. त्यातल्या एकीचा हात आईनं घेतला. "ढिला सोड हात, पोरी," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात आईला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बांगड्या भरून झाल्या. मुलगी हात मागे घेणार, तेवढ्यात आईनं अंगठ्यानं एक बांगडी दाबली. कट्. "वाढली वो माय," ती म्हणाली. "थांब, दुसरी भरून देतो." आणि तिनं तो हात पुन्हा घेतला.

ती बांगडी तिनं मुद्दाम फोडली, हे मी पाहिलं. काहून फोडली, ते मला कळलं नाही. सोळाव्या वर्षी कळलं, जेव्हा एका भांडणात, मी आत झोपलो आहे असं समजून, माझी आत्या आईला म्हणाली, "पयल्या घरची पोट्टी सोडून आलेली बाई तू, मले काय शिकवतं?" बाबांनी आत्याला त्याच पावली घराबाहेर काढलं. त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. गल्लीत हे फक्त खैरूनचाचीला माहीत होतं. आणि मला. पण मला माहीत आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मुंबईत पहिली सहा वर्षं मी सहायकाचा सहायक होतो. मागच्या शॉटमध्ये नटीचा पदर कुठल्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होतं, याची वही ठेवायचो. मग दहा-अकरा वर्षं मालिका लिहिल्या. आई त्या न चुकता बघायची आणि फोनवर म्हणायची, "तुया मालिकेतल्या बाया दागिने घालूनच झोपतेत. टोचत नसन का रे?" या काळात माझ्या तोंडातलं "मले" गेलं, "करून राहिलो" गेलं. आपलं बोलणं तिकडच्या माणसांना भांडल्यासारखं वाटतं, म्हणून मी आधी हळू बोलायला शिकलो आणि मग त्यांच्यासारखं. मालाडच्या फ्लॅटमध्ये दुपारी कधी डोळा लागला की मात्र स्वप्नात सगळे वऱ्हाडीच बोलायचे. नट, निर्माते, बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा. आणि सगळ्यांच्या भुवयांवर कापूस असायचा.

माझा पहिला सिनेमा आठवडाभरात उतरला. त्यानंतर दोन वर्षं हातात काम नव्हतं. मग एका निर्मात्यानं विचारलं, "तुमच्याकडची काही मातीतली गोष्ट आहे का?" मी "आहे" म्हणालो, आणि अकरा दिवसांत आईचा सिनेमा लिहून काढला. कुठंही अडलो नाही. मीच घाबरलो इतका तो सरळ आला. एका ठिकाणी फक्त बोली जमत नव्हती. मी आईला फोन लावला. "आई, बांगड्या भरताना आपल्याकडे काय म्हणतात? हात सैल सोड, की अजून काही?"

"ढिला सोड म्हनतेत," ती म्हणाली आणि हसली. "काहून, कोनाले बांगड्या भरून राहिला तिकडे?"

"एका सिनेमात आहे," मी म्हणालो. तिच्याच ओठांतलं तिचंच वाक्य मी तिच्याकडून मागून घेतलं आणि पानावर लिहिलं.

आणखी दोन गोष्टी केल्या. आईच्या सांगण्यात फुटलेली बांगडी नव्हती. ती ओट्यावर कोणालाच तिनं सांगितली नव्हती. मी ती घातली, कारण सबंध गोष्टीत तोच सर्वांत चांगला शॉट होता. आणि मी शेवट बदलला. माझ्या सिनेमात नवरी ओळखत नाही. चुडा भरून झाल्यावर ती उठून जाते आणि बाई रिकाम्या पाटाकडे बघत राहते. कट टू ब्लॅक. परीक्षकांना हा संयम फार आवडला. राज्याचा पुरस्कार मिळाला, मग दिल्लीचा. परदेशातही दोन ठिकाणी मला बोलावलं. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी विचारायचं, की ती बांगडी फोडणं कसं सुचलं? मी जरा लाजल्यासारखं करून सांगायचो, "बसल्या बसल्या सुचलं."

रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला तेव्हा तुम्ही अर्धी गल्ली आमच्या घरात होता. संध्याकाळी आईचा फोन आला. "चांगला झाला," ती म्हणाली. मग विचारलं, "शेवट काहून बदलवला रे?"

"फार गोड होत होतं, आई. लोकांना असं रडवायचं नसतं."

"हो का," ती म्हणाली. "मले वाटलं, रडाव लोकाईनं."

आठ दिवसांनी चांदूर बाजारहून एक बाई आमच्या दारात आली. हे मला खैरूनचाचीनं फोनवर सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांची, अंगणवाडीत सेविका, नाव मंदा. सिनेमात बांगडी फुटली आणि तिला बाजारातली ती बाई आठवली. तिनं म्हाताऱ्या चुलतीला धरून विचारलं, आणि चुलतीनं सगळं सांगितलं. मंदाताईला लहानपणापासून सांगितलं होतं की तुझी आई तापानं मेली.

ती दारातच उभी राहिली. "तुमी त मेल्या होत्या ना?" ती आईला म्हणाली.

आई म्हणाली, "बस. पानी घे."

"हात हातात होता," मंदाताई म्हणाली. "एवढे वर्षं. एक शब्द काहून नाई बोल्ल्या?" आणि पाणी न पिता निघून गेली.

मी त्याच दिवशी आईला फोन केला. चांगलं आठवतं, लोकेशनवर होतो, व्हॅनिटी व्हॅनच्या पायरीवर बसलो होतो. म्हणालो, "आई, मला काय माहीत गं. मला वाटलं तो सिनेमाच होता."

"हो," आई म्हणाली. "तुले काय माईत."

यानंतर अकरा वर्षं गेली. बाबा वारले. मी आणखी तीन सिनेमे केले, चांगलेच म्हणायचे, पण त्यात जीव नाही हे मला कळतं आणि तुम्हालाही कळलं असेल. आईनं सिनेमा सांगणं बंद केलं. गल्लीत तसंही आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. तुमच्यातल्या कोणी तिला त्या बाईबद्दल विचारलं की ती म्हणायची, "पोराले काय मालूम होतं? त्यानं शिनेमा समजून केला." माझं खोटं तिनं माझ्यासाठी घरोघरी पोचवलं. मी दिवाळीला यायचो, दोन दिवस राहायचो, पेढे वाटायचो आणि पळायचो.

या जानेवारीत आलो तो ठरवून आलो. दुपार होती. आई ओट्यावर पाय पसरून बसली होती, पंचाहत्तरीची, डोळे अर्धे मिटलेले. समोरच्या जिनातून कापूस उडत येत होता आणि तिच्या पांढऱ्या केसांत कुठला कापूस नि कुठला केस ते कळत नव्हतं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आई, मला माहीत होतं. तेव्हा चांदूरच्या बाजारात तू मला नेलं होतंस. मी सगळं पाहिलं होतं."

तिनं डोळे उघडले नाहीत. "मले माईत हाय," ती म्हणाली. "ते वाढलेली बांगडी मी कोनालेच सांगतली नोती. टीवीवर पायली आन् समजलं, का हा पोट्टा पोत्यावर चिवडा खात नोता."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. तिनं मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होते? तू माह्याशी खोटं बोल्ला अन् मी ते घेतलं, झालं. तिले जाऊन सांग. तिले कोनी इचारलंच नाई काई."

दुसऱ्या दिवशी मी चांदूरला गेलो. मंदाताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आता अठ्ठावन्न वर्षांची. कपाळ थेट आईचं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच का ते," आणि मिरच्या पसरत राहिली. मी बाजेच्या कडेवर बसून सगळं सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगितलं तसंच.

"म्हंजे तुमाले सोळाव्या वर्षीच समजलं," ती म्हणाली.

"हो."

"मले सत्तेचाळिसाव्या वर्षी. टीवीवर. अन् मधात तेलाची जाहिरात लागली." तिनं पदरानं डोळ्याला आलेलं पाणी पुसलं. मिरच्यांनीही आलं असेल. "ते बाई हात लय मऊ धरे. मी मैत्रिणीईले म्हनो, मामूकडून नोको भरू, त्याचा हात खरबड हाय. ते बाई आली का मंग भरू."

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हातानं थांबवलं. "माफी नोको, भाऊ. लिहा. अन् शिनेमा नोका काढू. शिनेमातली बाई कोनाचीई राह्यते. साधं लिहा, नावासकट. माह्या माहेरी आता म्हनतेत का ते बाई पोर टाकून गेली. तिले काढलं होतं, हे लिहा. ते मले पाह्यले येत होती, हे लिहा. अन् बांगडी आपोआप नोती फुटली, हेई लिहा."

म्हणून हे लिहिलं आहे. तिचं नाव मंदा, माझ्या आईचं नाव इंदू. इंदूनं मंदाला टाकलं नव्हतं. चांदूरच्या लोकांनी हे वाचावं, आणि अकोटच्याही.

निघताना मंदाताईनं विचारलं, "फोन वापरतेत का त्या?" मी नंबर सांगितला. तिनं तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून घेतला. लावीन असं काही म्हणाली नाही. अकोटला चला, असं मी म्हटलं तर म्हणाली, "पाहू." अजून ती गेलेली नाही.

मुंबईला परतल्यावर मी रोज दुपारी तीनला आईला फोन करायला लागलो. तीनेक आठवडे ठीक चाललं. मग एक दिवस फोन एंगेज लागला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी न राहवून मी खैरूनचाचीला लावला.

"अरे बेटा, चांदूरवरून येते फोन," चाची म्हणाली. "घंटा घंटा बोलतेत दोघी. मी गेली त इंदूबाई मले हातानंच म्हनते, जा. आज त हसून राहिली होती."

"काय बोलतात?"

"मले काय माईत? दार लोटून घेते ते."

घर कुठं आहे असं मला मुलाखतींत विचारायचे तेव्हा मी काहीतरी गोलमाल उत्तर द्यायचो, घर म्हणजे माझे सिनेमे, वगैरे. आता कोणी विचारलं तर सरळ सांगेन. अकोटात एक दार आहे. दुपारी तीन वाजता ते आतून लोटलेलं असतं. आत माझी आई आणि माझी बहीण बोलत असतात. काय बोलतात ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. लिहिणारा माणूस आहे मी, मला विचारण्याचा मोह होतो, रोज होतो. पण ते त्यांचं आहे.

फोन एंगेज असतो. मी कानाला लावून तो टूं-टूं आवाज जरा वेळ ऐकतो, मग ठेवतो आणि चारला पुन्हा लावतो.